साक्ष कोणाची?

फोन सुरू करताच माझ्या पडद्यावर क्षणभर एक पिवळी सूचना उमटते, की या यंत्रावर निराळी कार्यप्रणाली चढवलेली आहे. तिच्यासोबत त्या प्रणालीची अक्षरांकांची खूण असते, आणि ती मी वहीत उतरवून ठेवली असल्यामुळे प्रणाली अस्सल असल्याची खातरजमा मला स्वतःच्या डोळ्यांनी करता येते. ही प्रणाली ग्राफीनओएस. गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालणारी, पण गूगलच्या सेवांना विशेष अधिकार न देणारी. तरीही सोलापुरातील माझ्या बँकेचे ॲप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ एवढेच सांगून मिटते.

बँकेच्या संशयाला मी दोष देत नाही. लोकांच्या घामाचा पैसा जिच्या हवाली आहे, तिने चौकशी केलीच पाहिजे. प्रश्न आहे तो प्रामाण्याचा, आणि तो आपल्या दर्शनांना नवा नाही. मीमांसक म्हणत, ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत ते ग्राह्य धरावे; नैयायिक म्हणत, त्यावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल होते की नाही, यावरून त्याचे प्रामाण्य ठरवावे. बँकेचा पक्ष वरवर पाहता नैयायिकांचा वाटतो. परंतु ती ज्या ‘प्ले इंटिग्रिटी’ सेवेची साक्ष काढते, ती सेवा प्रणाली गूगलच्या परवान्याची आहे की नाही, हे पाहते. म्हणून वर्षानुवर्षे सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला, पण परवान्याचा जुना फोन तिची मधली पायरी ओलांडू शकतो, आणि प्रत्येक दुरुस्ती वेळेवर घेणारा माझा फोन त्याच पायरीवर अडतो. ही परीक्षा गुणाची नव्हे, कुळाची झाली. आणि बाराव्या शतकात ज्या शरणांनी जन्मापेक्षा आचार श्रेष्ठ मानला, त्यांच्यातील सिद्धरामांच्या या सोलापूर नगरीत तरी ती निमूटपणे मान्य होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. तो हक्क अशा प्रणालीच्या आधारे जपू पाहणाऱ्या खातेदाराला स्वतःच्याच पैशासाठी दुसरा फोन बाळगावा लागावा, हे त्या निर्णयाच्या आशयाशी विसंगत आहे.

उपाय अवघड नाही. यंत्रातील चिपकडून थेट सहीचा दाखला घेण्याची सोय अँड्रॉइडमध्येच आहे आणि ग्राफीनओएसने आपल्या सहीच्या किल्ल्यांच्या खुणा जाहीर केल्या आहेत. बँकेने त्या मान्य यादीत नोंदवल्या, की परवान्याची अट मध्ये येत नाही. तसा लेखी अर्ज मी शाखेत दिला आहे. ज्यांचे ॲप असेच अडले असेल, त्यांनीही आपापल्या शाखेत तो द्यावा, आणि प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्यावा.