सुखाचा तुरुंग

मनुष्याला बंदिवान करावयास भिंती लागतातच असें नाहीं, ही गोष्ट माझ्या मुलीनें वाचावयास दिलेल्या एका पुस्तकामुळें माझ्या ध्यानांत आली. गेल्या मार्चमध्यें तिची दहावीची परीक्षा चालू असतां तिची आजी रिसोडला अंथरुणास खिळली होती. अभ्यासांत व्यत्यय नको, या सद्धेतूनें मीं दुखण्याचें खरें स्वरूप तिला कळूं दिलें नाहीं. शेवटचा पेपर देऊन ती वाशीमहून रिसोडला पोंचली, तेव्हां आजीची वाचा गेली होती. मुलगी मला एका शब्दानेंही बोलली नाहीं. आजीचे दिवस झाल्यावर तिनें लोइस लाउरी या अमेरिकन लेखिकेची ‘द गिव्हर’ ही कुमारांसाठीं लिहिलेली कादंबरी माझ्या टेबलावर आणून ठेविली.

१९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कादंबरींत एका सुखी वसाहतीचें चित्र आहे. तेथें भूक नाहीं, भांडण नाहीं, थंडीवारा नाहीं. कोणीं कोणता व्यवसाय करावा, कोणाशीं संसार करावा, हें वडीलधाऱ्यांचें मंडळ ठरवितें. रंगसुद्धां लोकांस दिसत नाहींत; कारण रंग दिसले कीं आवडनिवड आली, आणि निवड आली कीं चूक आली! गतकाळच्या साऱ्या स्मृति एकट्या वृद्धाच्या ठायीं सांठविलेल्या असून, त्या पुढें वाहण्यासाठीं जोनस या बारा वर्षांच्या मुलाची नेमणूक होते. त्याचे वडील तान्ह्या मुलांचें संगोपन करणारे, मोठे प्रेमळ गृहस्थ. तेच वडील जुळ्यांपैकीं वजनानें कमी भरलेल्या अर्भकाला शांतपणें सुई टोंचून ‘मोकळें’ करतात, हें जोनसला दिसतें. त्यांच्या ठायीं क्रौर्य नाहीं. मरण म्हणजे काय, हेंच त्यांना कोणीं कळूं दिलेलें नाहीं. ज्याच्यापासून दुःख लपविलें, त्याच्यापासून दयाही लपविली गेली, असा याचा अर्थ.

हें वाचतांना मला नाशिकचा तुरुंग आठवला. १९३३ च्या फेब्रुवारींत साने गुरुजींनीं तेथें अवघ्या पांच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. भिंती खऱ्या होत्या, पहाराही खरा होता. पण आईच्या दारिद्र्याची, अपमानाची आणि मरणाची आठवण त्या कैद्यापासून कोणालाही हिरावून घेतां आली नाहीं. घरांतील कर्ज आणि दैन्य श्यामच्या दृष्टीआड ठेविलें गेलें असतें, तर त्याच्यापाशीं सांगण्यासारखें काय उरलें असतें?

कोणी म्हणेल, म्हणून काय कोवळ्या मुलांच्या माथीं जगाचें सारें दुःख ओतावयाचें? तसें नव्हे. कादंबरींतील वृद्धही जोनसला पहिल्याच दिवशीं युद्ध दाखवीत नाहीं. आधीं बर्फावरून घसरण्याचा आनंद, मग उन्हाचा चटका, आणि रणांगण पुष्कळ पुढें. प्रत्येक वेळीं मात्र तो त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून तें देतो.

माझी चूक येथेंच झाली. आजीचें दुखणें मुलीला सोसवणार नाहीं, असें मीं ठरविलें. वस्तुतः तिचे अश्रु पाहणें मलाच सोसवणारें नव्हतें. बेडी प्रेमाची असली, म्हणजे ती घालणारास दिसत नाहीं. जिच्या पायांत पडते तिला मात्र तिचा भार कळतो. पुस्तक परत देतांना मीं तिला आजीच्या शेवटच्या पंधरवड्याची हकीगत, कांहींही न वगळतां, सांगितली. “हें तेव्हांच सांगायला हवें होतें, बाबा,” एवढेंच ती म्हणाली. त्यावर मजजवळ उत्तर नव्हतें.