निरोग्याचे औषध

वैद्य आणि रोगी यांच्या नात्याला एक जुना क्रम आहे: आधी दुखणे, मग तक्रार आणि शेवटी औषध. हत्तीरोगाविरुद्धच्या सामुदायिक औषधोपचारात हा क्रम उलटा होतो. औषध दारी येते आणि ज्याला काहीच दुखत नाही त्याने ते गिळावे, अशी अपेक्षा असते. भारतात २००४ पासून डीईसीच्या गोळ्यांची ही मोहीम व्यापक झाली. २००७ मध्ये तीत अल्बेंडाझोलची भर पडली. आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा उपचार ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत २०१९ च्या सुमारास सुरू झाला, त्यांत विदर्भातील नागपूर आणि कर्नाटकातील यादगीर हे जिल्हे होते. गर्भवती स्त्रिया, लहान बालके आणि गंभीर आजारी माणसे वगळता साऱ्यांनाच ही औषधे दिली जातात. निरोगी माणसाकडे असे काही मागण्याचा अधिकार समाजाला कोठून मिळतो?

मुळात येथे 'निरोगी' हा शब्दच संशयास्पद आहे. या कृमीची सूक्ष्म पिल्ले रक्तात प्रामुख्याने रात्री आढळतात आणि क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. बाधित माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो. आपल्या रक्तातून शेजाऱ्याचा पाय सुजणार आहे, हे त्याला ठाऊकही नसते. तरीही गोळी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात कृमी नसतो, हे नाकारता येत नाही. जे समाजाला फार उपकारक, ते एकेका व्यक्तीला अल्पच लाभ देते, हा विरोधाभास जेफ्री रोझ या साथरोगतज्ज्ञाने १९८१ मध्ये मांडला होता. ही गोळी त्याचेच उदाहरण होय.

म्हणूनच येथे सक्ती अनुचित आणि अर्धसत्य त्याहून अनुचित ठरते. गोळीनंतर ताप वा डोकेदुखी होते ती बहुधा बाधितांनाच, कारण रक्तातील कृमी मरू लागतात. हे आधी सांगितले तर ताप हा औषधाच्या गुणाचा पुरावा ठरतो; लपविले तर तोच ताप विश्वासघात वाटतो, आणि पुढील वर्षी गोळी हातात घेतली जाते, पण गिळली जात नाही. वहीत मात्र ती गिळल्याची नोंद होऊ शकते.

ज्याचा पाय आधीच हत्तीसारखा झाला आहे, त्याला तर या गोळीने पूर्वीचा पाय परत मिळत नाही. तरीही तो ती घेतो, तेव्हा त्याचे देणे सर्वांत निरपेक्ष असते. अशा माणसाचा पाय धुण्याची, जखमा जपण्याची सोय न करता त्याच्याकडून केवळ गोळीची अपेक्षा ठेवणे हे ऋण बुडविण्यासारखे आहे. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो. तेव्हा तुंबलेले गटार तसेच ठेवून नागरिकाला परोपकार शिकविणाऱ्या शासनाचा अधिकारही तितकाच उणा होतो.

सामुदायिक औषध ही मागणी न्याय्य आहे; परंतु ती मागणी आहे, आज्ञा नव्हे. शेजाऱ्यासाठी गोळी गिळणाऱ्याला पूर्ण सत्य सांगणे आणि समाजाने आपला वाटा उचलणे, या दोन अटींवरच ती उभी राहते.