पतंग गुरू आणि मंडपातला उजेड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी काही कीर्तनकार नव्हे, शास्त्री तर नव्हेच. बी. कॉम. झालो, बँकेत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. खतावणी लिहिता लिहिता जे सुचले तेवढेच सांगतो. चुकले तर पदरात घ्यावे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, तुम्ही एवढे निश्चिंत कसे? तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. सातव्या ते नवव्या अध्यायात हे सारे आले आहे, आणि नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतामुळे ते आपल्या घराघरांत पोचले. पृथ्वी, वायू, आकाश आपण पटकन सांगतो. पतंगाचे नाव आले की मात्र घाईने पुढे जातो. रूपाला भुलला, दिव्यावर झेपावला, जळून मेला. आपण काही पतंग नाही, असे म्हणून पान उलटतो.

मीही तेच करत होतो. नेवासे तालुक्यातले आमचे गाव. गावात छोटेसे दत्तमंदिर आहे, पुढे पार आणि औदुंबर. देवगडच्या भव्य क्षेत्रापुढे आमचे देऊळ म्हणजे समईपुढची निरांजन. पण दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह बसतो, महाप्रसाद होतो, बाहेरगावी गेलेली पोरे येतात. निवृत्त झाल्यावर हिशेबाची वही माझ्याकडे आली. "काका बँकेतले आहेत, पैशाला पैसा जुळवतील." जुळवलाही. तांदूळ, गूळ, पत्रावळी, मंडपवाल्याचे भाडे, सगळ्याच्या पावत्या. फक्त एक रकाना कोरा होता. वीज.

वायरमनला विचारले तर तो हसला. "काका, पोलावर आकडा टाकलाय. देवाच्या कामाला कसलं बिल?"

मी गप्प बसलो. भक्तहो, इथे माझे पाप सांगतो. कॅशमध्ये रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बँकेत बसणारा माणूस दोन वर्षे तो कोरा रकाना बघून सही करत राहिला. अवधूतांचा एक गुरू सूर्य आहे. तो पाणी शोषून घेतो आणि वेळ आली की परत देतो, त्याला स्वतःकडे काही ठेवायचे नसते. आम्ही घेत होतो, परत देत नव्हतो, आणि वर आरती म्हणत होतो.

तिसऱ्या वर्षी महाप्रसादाच्या संध्याकाळी थंडी आणि दव फार होते. वाढायला उभा असलेला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मंडपाच्या लोखंडी खांबाला टेकला आणि फेकला गेला. वायरची साल निघालेली, खांबात करंट उतरलेला. महाराजांच्या कृपेने पोरगा वाचला, तळहातावर डाग राहिला. त्याचा बाप मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्या रात्री झोप नव्हती म्हणून अंगणात उभा राहिलो. मार्गशीर्षाची पौर्णिमा. थंडीतला पूर्णचंद्र माथ्यावरून जातो, पावसाळ्यातल्यासारखा कडेकडेने नाही. वर एवढे टिपूर चांदणे, आणि खाली देवळावर आठ हॅलोजन. खाली उभ्या माणसाला चंद्र आहे की नाही हेच कळत नव्हते. प्रत्येक दिव्याभोवती किडे गरगरत होते. तेव्हा पतंग गुरू आठवला.

पुढे वाचनात आले की पतंग दिव्यावर भाळत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचे उडणे टिपले. रानात रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा आकाश उजळ असते, म्हणून किडा उजेडाकडे पाठ करून उडतो आणि त्यावरून वर-खाली ओळखतो. दिवा आला की त्यालाच आकाश समजतो, पाठ तिकडे वळवतो आणि तिथेच गोल गोल अडकतो. भागवतातला दृष्टांत याने खोटा ठरत नाही, माझ्या मते तो अधिकच लागू पडतो. खोट्या उजेडाला आकाश समजायचे आणि त्याच्याभोवती फिरत राहायचे, ही तर आमच्या कमिटीचीच गोष्ट.

सभा बोलावली. गरमागरमी झाली. "उजेड कमी केला तर लोक म्हणतील, उत्सव पडला." "शेजारच्या गावाने केवढी रोषणाई केली बघा." मी वही उघडली. पाचशे वॅटचे आठ हॅलोजन म्हणजे चार हजार वॅट. रात्री सहा तास धरले तर चोवीस युनिट, सप्ताहाचे एकशे अडुसष्ट. तेवढ्याच उजेडाला पन्नास वॅटचे आठ एलईडी पुरतात, आठवड्याचे युनिट सतराच्या आत. आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाची, युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे सात रात्रींत क्विंटलभर कोळसा निव्वळ दिमाखापायी.

शेवटी एक वयस्क माळकरी उठले. ते म्हणाले, "आपलं पोरगं रात्री बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन उसाला पाणी धरतं, कारण लाईट रात्रीच येते. आणि आपण पाराला माळा गुंडाळतो." मग कोणी बोलले नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना निघाली आणि तिचा एक पहिला प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला, हे त्यांना ठाऊक होते.

उत्सवासाठी महावितरण तात्पुरते मीटर देते. अर्ज केला, अनामत भरली. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेतले. एलईडीसाठी वेगळी वर्गणी काढली. एकाने आपल्या दुकानातले चार दिवे दिले, एका माउलींनी पिठाच्या गिरणीच्या गल्ल्यातले सुटे पैसे आणून ओतले. ते मोजायला मला अर्धा तास लागला, पण फार बरे वाटले.

एलईडीत एक गोम मात्र आहे. घरोघरी साठचा बल्ब जाऊन नऊ वॅटचा आला, बिल उतरले, आणि आपण म्हणायला लागलो, जळू दे रात्रभर, किती येतंय बिल! आमची आई दिवेलागणीला समई लावायची, वात सारखी करायची, तेल बघायची. दिवा विझला म्हणायची नाही, शांत झाला म्हणायची. दीपमाळही त्रिपुरी पौर्णिमेला उजळते म्हणून तिचे कौतुक. रोज उजळली असती तर कोण बघायला आले असते?

जूनच्या तोंडावर नातीला घेऊन अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला गेलो होतो. पावसाआधी तिथे काजवे येतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, आणि आपला उंबरसुद्धा, झाडेच्या झाडे लुकलुकतात. नर उडता उडता खूण करतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते, त्यावर त्यांचा संसार. मध्ये गाडीचा हेडलाइट पडला की ती खूणच पुसली जाते. म्हणून तिथली पोरे रस्त्यात उभी राहून गाड्यांचे दिवे बंद करायला लावत होती. माझ्या हातातला मोबाईलही एकाने नम्रपणे खाली करायला सांगितला. "आजोबा, दिवा बंद केला की दिसतात." मला पंचवीसावा गुरू भेटल्यासारखे झाले. नात म्हणाली, आपल्या औदुंबरावर का नाहीत? आपल्याकडे ते रान नाही, तो पाऊस नाही, हे तिला समजावले. पण औदुंबराला गुंडाळलेल्या माळांचे काय, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याच्या ढोलीत पूर्वी पिंगळ्याची जोडी होती. माळा आल्या तशी ती गेली.

आता औदुंबरावर माळ नाही. दिव्यांची तोंडे खाली केली, रंग पिवळसर घेतला, पारावर एक समई. पिंगळे परत आले असे लिहायला मला फार आवडले असते, पण अजून आलेले नाहीत. वटवाघळे मात्र फळांना येतात.

गेल्या दत्तजयंतीला सूर्यास्ताला जन्मकाळ झाला, पाळणा झाला, रात्री भजन रंगले. भजन संपल्यावर ठरल्याप्रमाणे गाभाऱ्यातला नंदादीप ठेवून बाकी सगळे दिवे बंद केले. क्षणभर काळोख, मग चांदणे हळूहळू पायऱ्यांवर उतरले. पारावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "लाईट गेली का रे?"

"गेली नाही आजी, घालवली," असे म्हणत स्विचबोर्डाजवळून तो मुलगा आला. तळहातावर डाग असलेला. दिवे बंद करायचे काम त्यानेच मागून घेतले आहे. पायात रबरी चप्पल, हातात कोरडे फडके. मी वहीत मीटरचे रीडिंग लिहून घेतले आणि खाली त्याची सही घेतली.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥