आहारशुद्धी आणि धावपळीचा आठवडा

साधकहो, सकाळी आठची लोकल किंवा मेट्रो, घरात दोघांची नोकरी, मुलांची शाळा, संध्याकाळचा सत्संग. यात सात्त्विक आहार सांभाळायचा कसा, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. बहुतेक वेळा आपण त्याचे उत्तर पदार्थांच्या यादीत शोधतो. हे चालते, ते चालत नाही, आणि तीन तास उलटले की अन्न तामस.

हा तीन तासांचा नियम गीतेच्या सतराव्या अध्यायातील दहाव्या श्लोकातल्या ‘यातयाम’ या शब्दावरून सांगितला जातो. याम म्हणजे प्रहर. परंतु शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात येथे ‘अर्धवट शिजलेले’ असा अर्थ घेतला आहे, कारण कस गेलेल्या अन्नासाठी त्याच श्लोकात ‘गतरस’ हा वेगळा शब्द आहे. अन्न ताजे असावे हे खरेच. पण घड्याळ लावून डबा तपासण्याआधी त्याच अध्यायातला आठवा श्लोकही पाहावा. सात्त्विक आहार काय वाढवतो? आयुष्य, सत्त्व, बल, आरोग्य, सुख आणि प्रीती.

शेवटच्या दोन शब्दांपाशी थोडे थांबा. आपल्याला ताजे हवे म्हणून घरातील माउली पहाटे साडेचारला उठते, दोन्ही वेळा वेगळा स्वयंपाक करते, मधल्या वेळात नोकरी करते आणि रात्री सर्वांची पाने उचलल्यावर थंड झालेले जेवते. ध्यानाला बसायचे तर तिचे डोळे मिटू लागतात. आपले ताट सात्त्विक झाले. तिचे काय झाले? केवळ स्वतःसाठी अन्न शिजवणारे पापच खातात, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. मग स्वतः न शिजवता केवळ स्वतःच्या नियमासाठी दुसऱ्याला राबवणाऱ्याने काय समजावे? पुरुष साधकांसाठी हे जरा स्पष्टच लिहितो. भाजी चिरणे, कणीक मळणे, डबे भरणे ही सेवाच आहे, आणि तिला आश्रमात जावे लागत नाही.

आठवड्यातले पाच दिवस साधे ठेवावेत. मुगाच्या डाळीची खिचडी, मेतकूट-भात, पिठले-भाकरी, जोडीला ताक. यात कमी काहीच नाही. डब्यात ओल्या नारळाची पातळ उसळ लवकर आंबते. पोळी आणि कोरडी भाजी दुपारपर्यंत चांगली राहते. वाफाळता भात लगेच झाकण लावून कोंडू नये. तेला-तुपात केलेल्या पदार्थांना शिळेपणाच्या नियमातून मनुस्मृतीनेही सूट दिली आहे. आपल्या आज्या प्रवासाला दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या बांधून देत, त्या काही धर्म सोडून नव्हे.

बाहेर जेवावे लागलेच तर डोळसपणे निवडावे. बंगळुरूच्या दर्शिनीत समोर वाफेतून निघणारी इडली मिळते, इंदुरात सकाळी गरम पोहे मिळतात. दिवसभर त्याच तेलात तळलेल्या वड्यापेक्षा हे केव्हाही बरे. आपल्याला चालत नाही ते नम्रपणे नाकारावे आणि विषय तिथेच संपवावा. सहकाऱ्याच्या डब्याकडे पाहून राजस-तामसाचे प्रवचन नको. अन्नाची निंदा न करणे हे तैत्तिरीय उपनिषदाने व्रत म्हणून सांगितले आहे, आणि दुसऱ्याच्या पानातले अन्नही अन्नच.

छांदोग्य उपनिषदातील आहारशुद्धीचा अर्थ सांगताना शंकराचार्य इंद्रियांनी आत घेतलेले सगळेच आहारात धरतात. रामानुजाचार्यांचा भर प्रत्यक्ष अन्नावर आहे. दोघांचेही ऐकायचे तर जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत राहिलेला बरा. पंधरा मिनिटेच मिळत असतील, तर ती पंधरा मिनिटे तरी पूर्ण जेवणाची असोत.

येत्या रविवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवडा ठरवा. मूग कोणी भिजवायचे, विरजण कोणी लावायचे, हे नावानिशी ठरू द्या. घरातील अन्नपूर्णेला ज्या दिवशी कामावरून यायला उशीर होणार असेल, त्या दिवशी कुकर कोण लावणार, हेही तेव्हाच.