बसा हो आई, मी आणते

म्हाताऱ्या माणसाला काही करू न देणं म्हणजे त्याची सेवा, अशी आपल्याकडे समजूत आहे. पाण्याचा पेला हातात, ताट पलंगावर, चपला पायाशी. काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत अशा सुनेचं चारचौघींत कौतुक होतं, "सासूला काडी उचलू देत नाही हो!" मला प्रश्न पडतो तो पुढचा. हळूहळू काडी उचलायची ताकदच उरू नये, अशी व्यवस्था आपण करत असू, तर तिला सेवा म्हणायचं का?

शरीराचा हिशेब रोखठोक आहे. स्नायू वापरला तर राहतो, नाही वापरला तर आटतो. २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात साठी-सत्तरीची धडधाकट माणसं दहा दिवस अंथरुणात राहिली. तेवढ्यात त्यांच्या पायांचं सरासरी जवळजवळ एक किलो मांस झडलं. ऐंशीच्या घरातलं माणूस तापानं पंधरा दिवस झोपून राहिलं की पुढे न्हाणीघरापर्यंतही धरून न्यावं लागतं. आपण म्हणतो, वय झालं. पण वयाबरोबर त्यात अंथरुणाचाही वाटा असतो.

दुसरी बाजू दिलाशाची आहे. १९९० मध्ये डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये संस्थेत राहणाऱ्या नव्वदीच्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे पुरे करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. दोघांची तर चालताना काठी सुटली. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी ऐंशी ओलांडलेल्या बायकांना घरीच करायचे व्यायाम शिकवले, आणि त्यांचं पडणं कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय, पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात.

त्याला यंत्रं लागत नाहीत. हात असलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवायची, तिच्यावरून उठायचं आणि सावकाश बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. बसल्या बसल्या एकेक पाय गुडघ्यातून सरळ करून क्षणभर धरायचा. सुरुवातीला तीन-चार वेळा पुरे. श्वास कोंडायचा नाही, छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबायचं. हृदयाचं दुखणं असेल, हाड मोडलेलं असेल, पूर्वी कधी पडणं झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

इतकं सोपं आहे, तर घरोघरी का होत नाही? कारण सुनेला भीती वाटते. "उठल्या आणि पडल्या तर?" या वाक्यात माया असतेच, पण नणंदांचे फोन असतात, "लक्ष कुठं होतं तुझं?" असतं, आणि मोडलेल्या खुब्याची सगळी शुश्रूषा शेवटी आपल्याच अंगावर येणार, हेही असतं. ही भीती खोटी नाही. सगळा दोष एकटीवर येणार असेल, तर ती सासूबाईंना पलंगावरच बसवून ठेवणार. म्हणून आईंनी उठावं-चालावं हा निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून, त्यांना विचारून घ्यायला हवा. त्यातला धोकाही सगळ्यांनी वाटून घ्यायला हवा. खुर्चीपाशी दहा मिनिटं मुलानं उभं राहायला काय हरकत आहे?

आणि आईच नको म्हणाल्या तर? "जन्मभर राबले, आता तरी बसू दे गं," हे ऐकलं की माझी तरी मान खाली जाते. तो त्यांचा हक्क आहे. व्यायामाच्या नावाखाली म्हातारीला दामटणं हीसुद्धा हिंसाच. पण बसावंसं वाटतं म्हणून बसणं वेगळं आणि उठताच येत नाही म्हणून बसून राहणं वेगळं. पहिल्यात मर्जी आहे, दुसऱ्यात ती उरलेली नाही. म्हणून त्यांना "व्यायाम करा" म्हणण्याआधी विचारावं, तुम्हाला कुठं जायचंय? आमच्याकडच्या कितीतरी सासवांचं माहेर नांदेड-परभणीकडचं. काचीगुडा स्थानकावरून मनमाडकडे जाणारी गाडी त्यांना अजून खुणावते. डब्याची उंच पायरी चढायला जी ताकद लागते, तीच रोज खुर्चीवरून उठताना कमावता येते.

आमच्यात वैयावृत्य, म्हणजे सेवा, हे अंतरंग तप मानलंय. तप म्हटलं की सोसणं आलं. पेला हातात आणून द्यायला मला दहा सेकंद लागतात, त्यात सोसण्यासारखं काही नाही. त्या स्वतः उठतात, भिंतीला धरून पाच मिनिटांत माठापर्यंत पोचतात, थोडं पाणी सांडतात. तेवढा वेळ गॅसवरचं दूध सोडून, घाई न करता, हात पुढे न करता, पण हाताच्या अंतरावर मागे उभं राहणं, हे मात्र अवघड आहे.