जुनी खोली, नवी खोली

बुलढाणा जिल्ह्यात फिरायला निघालेल्या मध्यमवर्गीय माणसावर धर्मसंकट येते ते देवळात नव्हे, एस.टी. स्टँडसमोर. डावीकडे वडिलांच्या वेळचे लॉज, उजवीकडे कालपरवा उद्‌घाटन झालेले हॉटेल. उतरायचे कुठे?

आमच्या सौ.चा कौल ठरलेला. "नवीन बघा हो!" गंमत अशी, की आम्ही निघालेलो असतो लोणारला. तिथले सरोवर उल्कापाताने झालेले. २०१०च्या सुमारास झालेल्या कालमापनाप्रमाणे त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. म्हणजे पाहायचे ते लाखो वर्षांचे, आणि झोपायचे मात्र ओल्या रंगाच्या वासात! सिंदखेडराजाला, जिथे १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, त्या लखुजी जाधवांच्या वाड्यात भिंतीला तडा दिसला की आपण हात जोडतो. तसलाच तडा लॉजच्या न्हाणीघरात दिसला की मॅनेजरला बोलावतो.

तसा मी जुन्याचा अभिमानी. जुन्या लॉजचा मालक "या साहेब, बऱ्याच दिवसांनी!" म्हणाला, की निम्मे भाडे तिथेच वसूल होते. शिवाय आपण समोर गेलो, तर गरम पाण्याची बादली आणणाऱ्या म्हाताऱ्या गड्याचे काय? पण म्हणून रात्रभर ढेकणांचे पोषण करायचे? आणि नुसती दया म्हणून खोली घेतली, तर तो त्या गड्याचाही अपमानच. त्याला कामाची दाद हवी असते, कीव नव्हे.

बरे, नव्याचे तरी कौतुक कशाचे? नवी गादी स्वच्छ असते, कारण तिच्यावर अजून कुणी झोपलेलेच नसते. परीक्षेलाच न बसलेल्या मुलाला पहिला नंबर देण्यातला हा प्रकार!

माझ्यापुरता निकाल लागला तो शेगावला. गजानन महाराजांचे संस्थान १९०८चे. पण तिथल्या भक्तनिवासातली फरशी पाहिल्यावर इमारत कोणत्या सालची, हे विचारायचे सुचतच नाही. कुणा सेवेकऱ्याचा हात तिच्यावरून नुकताच फिरलेला असतो.

तेव्हापासून मी लॉजचे वय विचारीत नाही; झाडू कधी फिरला, ते पाहतो. जुनेपणा हे पुण्य नव्हे, नवेपणा हा पराक्रम नव्हे. पुण्य असलेच, तर ते रोज पहाटे उठून झाडू हातात घेणाऱ्याच्या पदरी.

साठी उलटलेल्या माणसाला हा सिद्धांत मोठा धीर देतो. सौ.ला ऐकवला, तर म्हणाली, "मग आधी दाढी करा!"