आवाज परत येईल का?

आमच्या दिंडीतले एक जुने गायक, वय ७२. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज बसला. भेटेल तो त्यांना म्हणे, "माउली, काळजी सोडा. पुढच्या आषाढीला पहिली चाल तुमचीच!" असे म्हणणारांत मीही होतो. पुढे मनाला टोचणी लागली. हा दिलासा की असत्य? ज्या तोंडाने नाम घ्यावयाचे त्याच तोंडाने हे बोलावे काय?

थोडे देहाकडे पाहू. कंठात दोन स्वरपट्ट्या असतात. पुरुष साधे बोलतो तेव्हाही त्या सेकंदाला १०० च्या आसपास वेळा थरथरतात. त्यांना हलविणाऱ्या चिमुकल्या स्नायूंना हुकूम पोचविणारा मज्जातंतू मोठा गमतीचा. डावीकडचा तर कंठ ओलांडून छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला वळसा घालतो आणि पुन्हा वर येतो. (आपल्याच गावावरून पुढे जाऊन मग माघारी फिरावे, तसे!) वाटेत तो थायरॉइडला लागून जातो, म्हणून त्या शस्त्रक्रियेत त्याला धक्का बसू शकतो.

नुसता ताणला गेला असेल तर काही आठवड्यांत, महिन्यांत बहुधा सावरतो. तुटला तर नवे धागे फुटतात खरे, पण भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात.

स्नायूला इजा झाली तर त्याचीही एक रीत आहे. स्नायूच्या धाग्यांलगत काही पेशी निजलेल्या असतात. इजा होताच त्या जाग्या होऊन नवा धागा विणतात. तरुणपणी हाकेसरशी उठतात. म्हातारपणी उशिरा उठतात, थोड्याच उठतात, आणि तोवर तिथे चिवट व्रण भरून येतो. व्रणाला काही आकुंचन पावता येत नाही. शिवाय वयाने स्नायू आधीच बारीक झालेले. पट्ट्या नीट मिटत नाहीत, फटीतून वारा निसटतो.

तेव्हा "येईलच" हे खरे नव्हे, आणि "गेला तो गेला" हेही नव्हे. कायमचा उपाय करण्यापूर्वी डॉक्टर पुष्कळदा सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात. आवाजाचे व्यायाम आहेत, निश्चल पट्टी मध्याकडे सरकविण्याची युक्ती आहे.

मग आम्ही "येईलच" का म्हणत होतो? त्यांच्यासाठी? छे! त्यांच्यापुढे गप्प बसणे आम्हालाच जड जात होते. आणि त्या भाबड्या जिवाने आमचा शब्द खरा मानला. पहाटे काकड्याला शिरा ताणून वरचा स्वर लावू पाहत होते, खोकून बेजार होत होते. व्यायाम कोण करणार? आवाज तर आपोआप येणार होता ना!

अखेर एकादशीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. बराच वेळ ते खुंटीवरच्या टाळांकडे बघत राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चाल राहू दे. ध्रुपद तरी धरता येईल का रे?"

"ते डॉक्टरांना विचारू," मी म्हणालो. द्वादशीचे पारणे सोडून आम्ही दोघे सकाळच्या एस.टी.ने निघालो.